मोगऱ्याच्या कळीच्या मताचा आदर राखून

नावडे,
रविवार, जेवणं उरकल्यावर

बयाबाईला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, डोक्यावर हात ठेवून दिलेला, म्हणजे पोचेल तेव्हा ठेवलाच असं समज. जासईला लहानथोर सगळे बरे असतील, दारातून जाणारे ट्रेलर घर हलवत असतील आणि तू त्यांच्या ड्रायव्हरांना ओटीवरून शिव्या घालत असशील. इकडे आम्ही बरे आहोत. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की खिडक्या लावतो, वळला की उघडतो, एवढाच आमचा व्यायाम. तुझ्या तब्येतीचं मी सगळ्यात शेवटी विचारणार आहे, त्याला कारण आहे. आशीर्वाद माझा, अक्षर नमिताचं. माझी सून लिहिणार आणि तुझी सून वाचून दाखवणार, म्हणजे दोघी बहिणींच्या बोलण्यात दोन सुना मध्ये बसणार. तेव्हा राजेश्वरी, बाय माझी, मोठ्याने वाच आणि मधली ओळ गाळू नको. (नमिता माझं 'हाय' खोडून 'आहे' लिहिते. लिहू दे. तिला मी पगार देत नाही.) फोन का केला नाही म्हणशील, तर तो तू उचलत नाहीस आणि मी लावत नाही. आणि ग्रुपवर बोलावं तर बाराशे बायका ऐकतात.

तर तो ग्रुपच आहे सगळ्याच्या मुळाशी. 'एका ओटीच्या दोघी' ही मालिका तू बघतेस हे मला माहीत आहे. थोरली मंदाकिनी, धाकटी हेमांगी, हेमांगीच्या पोराची हळद, आणि त्या हळदीचं आमंत्रण तिने थोरल्या बहिणीला मोबाइलवर पाठवलं. गणपतीचं चित्र, खाली सनई वाजते, झालं आमंत्रण. ना उंबऱ्यावर पाय, ना हातावर अक्षत, ना आख्ख्या घराला चूलबंद बोलावणं. मंदाकिनी गेली नाही. मी म्हणते, बरोबर गेली नाही. सख्ख्या बहिणीला पिवळे तांदूळ न्यायला जिला जमत नाही, तिच्या मांडवात कुठल्या तोंडाने शिरायचं? हे मी घरात बोलले, घर ऐकेना, कारण नमिता धाकटीच्या बाजूची. तेव्हा तीच म्हणाली, आई, या मालिकेच्या चाहत्यांचा फेसबुकवर परिवार आहे, तिथे बोला. मी बोलणार, ती लिहिणार, आणि उत्तरं मला वाचून दाखवणार.

आता खातं तिचंच. ती पापलेटाचे फोटो टाकते ना, त्या 'नमिताज किचन'च्या नावाने. त्यामुळे झालं असं, की सकाळी 'नमिताज किचन'ने लिहिलं, मंदाकिनीचं शंभर टक्के बरोबर. दुपारी भांडी झाल्यावर नमिताला राहवेना, तिने स्वतःचं लिहिलं, मंदाकिनी अत्यंत आडमुठी आहे. संध्याकाळी मी परत थोरलीच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या कोणा बाईने विचारलं, ताई, आपल्या मताचा आदर आहे, पण आधी आपण स्वतःशी एकदा सहमत व्हाल का? त्यावर अडीचशे बायका हसल्या. आमचा हितेश, स्वतःच्या आईची आणि बायकोची अब्रू जाते आहे हे बघून, ताटावरून उठला आणि तोही हसला.

तिथल्या ॲडमिन सुनीती मॅडम म्हणून आहेत, खारघरच्या. चांगल्या घरची बाई. त्यांनी सगळ्यात वर नियम लावून ठेवला आहे की मतभेद असावेत, मनभेद नसावेत, असहमती आदराने नोंदवावी. ऐकून मला बरं वाटलं होतं. पण बया, हा आदर काय प्रकरण आहे ते मला आत जाऊन कळलं. आपण बोरिंगवर भांडायचो तेव्हा शिवी शिवीसारखी दिसायची. हंडा आपटला, आई-बाप काढले, मोकळ्या झालो, आणि संध्याकाळी तिच्याच घरून विरजण आणलं. इथे तसं नाही. इथे आधी 'आपल्या मताचा पूर्ण आदर राखून' म्हणतात, आणि मग आपल्याला बिनडोक म्हणतात. शेवटी हात जोडलेलं चित्र. नमिता वाचत असते, मी मान डोलावत असते, आणि चहा अर्धा झाल्यावर माझ्या ध्यानात येतं की हे आपल्यालाच बोलली. तोवर रागाची वेळ निघून गेलेली असते.

यात सगळ्यात आदरखोर बाई कोण म्हणशील, तर 'मोगऱ्याची कळी'. नाव हे, चेहऱ्याच्या जागी मोगरा. वयाचा पत्ता नाही, पण कळी नसावी, फुलून वाळून गजऱ्यातून गळलेली असावी असा माझा अंदाज. (नमिता: आई, हे मी लिहू? लिही.) मी काही बोलले की ही हजर. 'आदरणीय ताई, आपला अनुभव थोर आहे, तरीही नम्रपणे सुचवावंसं वाटतं की घरच्या माणसाला आमंत्रण लागत नाही.' मी म्हटलं, घरचं माणूस म्हणूनच लागतं, परक्याला छापील कार्ड पुरतं. ती म्हणते, 'सविनय असहमत.' श्रावण लागला तेव्हापासून ही बाई माझ्याशी सविनय असहमत आहे. गणपतीत नैवेद्य दाखवताना माझ्या डोक्यात देव नाही, ही बया होती. बया म्हणजे तू नाही, ती.

तुझ्या पोराच्या, शिवतेजच्या हळदीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. वैशाखात झाली, छान झाली असेल, मी नव्हते, संपलं. आपल्याकडेही मोबाइलवर गणपतीच आला होता आणि सनईही वाजली होती, पण तो विषय वेगळा आणि मालिकेचा वेगळा. मी मालिकेबद्दल बोलते आहे.

तर आता माझा खरा संताप ऐक. मतं वेगळी असू देत, ती मी आदराने गिळली. पण ही कळी खोटं बोलायला लागली. एके दिवशी लिहिते काय, की हेमांगी अक्षत घेऊन गेली नाही कारण तिचे गुडघे धरले होते, तिला रिक्षात चढवेना. कोणाचे गुडघे? हेमांगीचे? ती पोरगी दिसायला तीस वर्षांची, पोराच्या हळदीत टाचांच्या चपला घालून नाचली, आख्खा भाग नाचली. मी तसं लिहायला लावलं. तर चार दिवसांनी म्हणते, हेमांगीने थोरलीसाठी मांडवात खुर्ची राखून ठेवली होती, धवले गाणाऱ्या बायांच्या शेजारी, आणि त्या खुर्चीवर सरपंच बसायला आला तर त्यालाही उठवलं. हळद लागून संपली, मटणाचे टोप घासून झाले, मांडववाला खुर्च्या गोळा करायला आला तेव्हा ती म्हणाली, ही एक राहू दे.

बया, असा प्रसंग मालिकेत नाही. मी तो भाग रात्री बघितला, सकाळी पुन्हा लागला तेव्हा बघितला, आणि नंतर नमिताच्या मोबाइलवर थांबवून थांबवून बघितला. खुर्ची नाही, सरपंच नाही. मालिकेतल्या मांडवात धवले गाणारी एक बाईसुद्धा नाही, तिथे सिनेमाची गाणी लावतात. म्हणजे मनातलं घडवून बाराशे बायकांना सांगते, आणि वर आदर.

मी सुनीती मॅडमना बोलून आवाज पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, आजी, तुमचं बरोबर आहे, खोटा प्रसंग सांगणं नियमात बसत नाही, तुम्ही तक्रार म्हणा, मी त्यांना आजच काढते. मी म्हटलं, थांबा, मी माझ्या बहिणीला विचारते. म्हणून हे पत्र. तू मला सांग, या बाईचं काय करू? काढायला लावू की राहू देऊ? तुझा न्याय लहानपणापासून चोख. आंब्याच्या फोडी तूच करायचीस आणि मोठी तूच घ्यायचीस.

लहानांना पापा, मोठ्यांना जसं ज्याला लागेल तसं. नमिताचा हात दुखतो म्हणून आवरते.

तुझी बाय,
सगुणा
(अंगठा चहाच्या कपाला लागला होता, डाग तेवढ्यासाठी.)

ता. क. तुझे गुडघे कसे आहेत?

ता. क. दुसरा. 'नमिताज किचन' कोणाचं आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राजेश्वरी तिच्या पापलेटाला बदाम देते, नमिताने मला दाखवलं. मला मात्र कळी कोण ते खुर्चीपर्यंत कळलं नाही. थोरल्या बहिणीला एवढे दिवस 'आदरणीय ताई' म्हणवत होतीस, तोंडाने उभ्या जन्मात म्हणाली नाहीस. आणि मीही एक प्रसंग सांगितला होता, आठवतो का, की मंदाकिनी हळदीच्या दिवशी सकाळपासून हिरवी साडी नेसून खाटेवर बसली होती आणि रिक्षा वाजली की दाराकडे बघत होती. तोही मालिकेत नाही. तू त्यावर सविनय असहमत झाली नाहीस, हे मी तेव्हाच ध्यानात ठेवलं.

ता. क. तिसरा. सुनीती मॅडमना कळवलं आहे की तक्रार नाही. ती गेली तर मी भांडू कोणाशी, नमिताशी? ती माझ्याच खात्यात राहते.

ता. क. शेवटचा. आमच्या नातीचं, ईश्वरीचं जमलं. तुळशीच्या लग्नानंतर हळद. हे आमंत्रण नव्हे, कागदावर आमंत्रण होत नाही, म्हणून या पत्रावर येऊ नको. बुधवारी हितेश गाडी काढणार आहे, मी अक्षत घेऊन तुझ्या उंबऱ्यावर येते, हिरवी साडी नेसून. ती खुर्ची आत टाकली असशील तर ओटीवर काढून ठेव, पुसून. थोरली आधी आली असं ग्रुपवर टाकू नको. मंदाकिनीचं बरोबरच होतं, तुझ्या मताचा पूर्ण आदर राखून.