सैल केलेल्या तारा

मालवण, रविवार

बेनी,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

यंदा चर्चच्या फेस्ताला तुझ्या जागी चेलो वाजवायला पणजीहून एक मुलगी आली. आपलीच सोनाटा. सरावाआधी तिने माझ्या पियानोवरून सूर घेतला आणि थबकली. "टीचर, पियानो बराच उतरलाय. याच्याशी जुळवायचं तर मला तारा सैल कराव्या लागतील, आणि मग चेलोचा आवाज बसतो. तुमचा भाऊ काय करायचा?"

तू गुपचूप काय करायचास, ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, सगळ्या कॉयरसमोर मी तुला म्हटलं होतं, "तुझ्या चेलोत जीव नाय उरलो रे." तू चेलो पेटीत ठेवलास आणि पुन्हा वाजवायला आला नाहीस. पप्पांच्या या पियानोबद्दल मी एक शब्द ऐकून घेत नाही, हे तुला ठाऊक होतं.

मग मी ट्यूनर बोलावला. खाऱ्या हवेने पियानोच्या तारा गंजल्यात, वर चढवल्या तर तुटतील, म्हणाला. म्हणजे तुला परत बोलवायचं तर पुन्हा तारा सैल कर, असंच सांगावं लागणार. कोणत्या तोंडाने सांगू?

पण आज चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी सगळ्यांसमोर बोलले, "बेनीचो चेलो बरो होतो. माझोच पियानो उतरलेलो."

कुणीच चकित झालं नाही. तेरेझा आंटी म्हणाली, "बाये, आमका ठावक होता. तुका सांगू नको म्हणान बेनीनच सांगितल्यान."

तुझी बहीण,
मेल्विना