मांडव धर्माकाकाच्या अंगणात कसा गेला

सापगाव, मंगळवार

शकूमावशे,

आधी कबुली देतो, मंग पाया पडतो. उलटं केलं तर तुला वाटंल पोरगं सुधारलं, आणि पुढचं वाचून जास्त लागंल. तर आपल्या काळूमामाच्या दिशानं बायोलॉजीच्या पेपरात पेशीच्या पोटात बरगड्या काढल्या, मणके काढले, खाली एक माकडहाड काढून त्याला बाण करून नाव दिलं, ते सगळं तिला मी सांगितलं व्हतं. झालं. आता वाकून नमस्कार. तुजे गुडघे काय म्हणतात? कमळाकरकाकांचा खोकला बसला का? (फोन का नाय केलास विचारशील. तुजा फोन वाजला की काका तो स्पीकरवर टाकतात, आणि मंग मुरबाडच्या एसटी स्टँडवर माझ्या आधी माझी बातमी पोचते.)

झालं असं की दिशा दहावीपर्यंत मराठीत शिकली आणि अकरावीला सायन्स घेतल्यावर पुस्तक एकदम इंग्रजी झालं. मला म्हणाली, "दादा, सायटोस्केलेटन म्हंजे काय रे?" मी मामाच्या मांडवाच्या धंद्याच्या खुर्च्या पुसत व्हतो. म्हटलं, पेशीचा सांगाडा. इथपर्यंत खरं व्हतं, देवाशप्पत. पण तिनं विचारलं, एवढुशा पेशीत सांगाडा मावतो कसा? असं कोणी भोळेपणानं विचारलं की माझ्या जिभेला खाज सुटते, ते तुला ठाऊकच हाय. मी सांगितलं, लय बारीक असतो, चिंबोरीच्या पिल्लाहून बारीक, बरगड्या बारा जोड्या, मणके, खाली माकडहाड, आणि पेशी म्हातारी झाली की तिचीपण कंबर धरते. मला वाटलं हसंल. तिनं वहीत लिवून घेतलं! पेपरातपण लिवलं, कंबरेसकट. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि तवापासून पोरी तिला माकडहाड म्हणतात. त्या दिवसापासून पोरगी कॉलेजला गेली नाय. मॅडम तशा वाईट नायत, म्हणाल्या येत्या शनिवारी तोंडी घेते, नीट सांगितलंस तर पास. पण तवा दिशा उठायलाच तयार नव्हती, आणि मामा म्हणतो झेपत नाय तर आर्ट्सला टाकतो. फॉर्म आणून टीव्हीच्या मागं ठेवलाय. मावशे, या पोरीला रक्त तपासायच्या लॅबमधी कामाला लागायचंय. लहानपणी सगळी पोरं सुई बघून पळायची, ही सुईवाल्या बाईच्या मागं मागं जायची. माझ्या एका थापेनं हिचं सगळं बसलं, म्हंजे बघ.

मंग मी तिचं पुस्तक उघडलं. (हस. मीपण हसलो.) तीनदा वाचलं, फोनवर चित्रं बघितली, आणि मला घाम फुटला, कारण पेशीत हाड नाय, मावशे, पेशीत मांडव हाय! पोकळ नळ्या असतात, सूक्ष्मनलिका, ते आपले बांबू. पेशी त्यांच्यावर ताठ राहते. त्यांच्यावरूनच दोन पायांचे हमाल डोक्यावर ओझं घेऊन चालतात (खरंच दोन पाय दिसतात, मांडवावरचा आपला अक्षय गाद्या नेतो तसेच, फक्त ते मधी मोबाईल बघायला थांबत नायत). दुसरे जाड दोर, ताण सोसायला, तो काथ्या. तिसरे अगदी बारीक तंतू, ती सुतळी, पण ही सुतळी जोरदार, पेशीला जायचं असलं की पुढची कड आतून ढकलून बाहेर काढते. आणि हा मांडव कायमचा नसतो. मागून सोडायचा, पुढं बांधायचा, की पेशी चालली! रक्तातली पांढरी पेशी अशीच जंतूच्या मागं लागते. आत हाडं असती तर बसली असती एका जागी, कमळाकरकाकांसारखी. (हे त्यांना वाचून दाखवू नको.)

आता माझ्या तोंडातून चुकलो हा शब्द निघत नाय, म्हणून म्हटलं करूनच दाखवू. गेल्या बुधवारी हनुमानतात्याच्या अंगणात त्याच्या पोराच्या, शामच्या लग्नाचा मांडव मामानं घातला व्हता. सकाळी मुहूर्तमेढ रोवून, हळदकुंकू लावून, सगळी माणसं टेंपोत बसून बस्त्याला शहापूरला गेली. राखणीला मी. दिशाला निरोप दिला, भाकरी घेऊन ये. आली, भाकरी ठेवली, तोंड फिरवून बसली. मी मागच्या ओळीचे चार बांबू उपटले आणि पुढं रोवले. मंग दुसरी ओळ. कापड ओढून घेतलं. मांडव दोन हात सरकला. आठ दिवसांत पहिल्यांदा पोरगी बोलली, "सगळ्या पेशी एवढ्या हळू चालतात, का तूच आळशी?" आणि माझ्या हातातली पहार घेतली! पुढं मी नुसता हमाल. ही बांबू रोवताना सूक्ष्मनलिका म्हणून ओरडायची, सुतळीला गाठ मारताना मला दम द्यायची, कड पुढं ढकल म्हणून. बोलता बोलता सगळा धडा तिच्या तोंडात बसला, आणि मांडव चालत चालत धर्माकाकाच्या अंगणात गेला.

धर्माकाका म्हंजे तात्याचा सख्खा भाऊ. अंगणाला अंगण लागून, मधी नुसते दगड, पण एका फणसावरनं नऊ वर्षं बोलणं बंद. लग्नाचं आवतण नाय. आणि त्याच्या म्हशीच्या डोक्यावर आता आपली झालर लोंबत व्हती. त्याच्याहून वाईट म्हंजे मुहूर्तमेढ. ती एकदा रोवली की हलवायची नाय, म्हणून मी तिला हात लावला नव्हता. मांडव गेला पुढं आणि मेढ मागं उन्हात एकटी, हळदकुंकू लावून, जशी काय वऱ्हाडात विसरलेली करवली. आमी मांडव परत चालवायला घेणार तेवढ्यात धर्माकाका शेतातनं आला. झालरीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. मी चपला शोधायला लागलो. तो घरात गेला आणि धुतलेली टोपी घालून, नारळ घेऊन बाहेर आला, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "तात्याला तोंडानं कधी बोलवता आलंय? मांडव पाठवला, समजायचं ते समजलो."

आणि टेंपो आला. मामानं मांडव बघितला, मेढ बघितली, मंग मला बघितलं. मी म्हशीकडं बघितलं. तात्या आणि धर्माकाका समोरासमोर. शेवटी तात्या म्हणाला, "चा घेतलास का?" धर्माकाका म्हणाला, "कोण देतंय?" बस. संपलं नऊ वर्षांचं भांडण. मामा तोंड उघडणार, तर लग्नात धवळे गाणारी म्हातारी सकुबाई पुढं झाली. "मांडव भावाकडं गेला, मेढ घरी राहिली, दोन्ही बरोबर हाय. मधी आंब्याचं तोरण बांधा नि गप बसा." आणि जाता जाता माझा कान धरून हळूच म्हणाली, "पुढच्या लग्नाला जरा कमी चालव, मुडद्या."

रविवारी लग्न झालं, झकास. गाव म्हणतं देवानं मांडव चालवला, आणि मामाला मी सांगितलंय की राखण करता करता माझा डोळा लागला व्हता. काल दोन बाया त्या मेढीला नारळ फोडून गेल्या. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुजा,
सुयोग

ता. क. खरं काम राहिलंच. मामा शुक्रवारी आर्ट्सचा फॉर्म देणार हाय. तू गुरुवारी ये. तू त्याची मोठी बहीण, तुज्यापुढं तो बोलत नाय. सांग, बरगड्या सुयोगच्या, पोरीच्या नव्हं. मला खुर्ची फेकून मारंल, मारू दे, आपल्या खुर्च्या प्लास्टिकच्या. पण मांडवाचं सांगू नको. देव उघडा पडंल आणि मामा मला चालत्या टेंपोतनं उंबरमाळीच्या जंगलात उतरवंल.

ता. क. दुसरा. दिशा शनिवारी जायला तयार झाली, पण एका अटीवर. म्हणाली, "मला एकटीला नाय. तुजी बारावीची बायोलॉजी राहिलीय ना? तूपण बस." मी हसलो, ती हसली नाय. म्हणून काल शहापूरला जाऊन परत बसायचा फॉर्म भरला. मावशे, बरगड्यांचं सगळ्या मुरबाडला सांग. अगदीच राहवलं नाय तर मांडवाचंपण सांग. पण मी अभ्यास करतोय हे कोणाला कळू देऊ नको. पाया पडतो. गावात माझी काय इज्जत राहंल?