बाबांचे शेवटचे वाक्य आणि तीस वॉट

मंगळवार, ११ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. स्पीकरची जाळी कोरड्या फडक्याने पुसून झाली आणि हे पत्र लिहायला बसलो.

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची नवी कवळी बसली का? आम्ही दोघे ठीक आहोत (आई जरा जास्तच ठीक आहे, त्याबद्दल पुढे येईलच).

तुम्ही पाठवलेला तीस वॉटचा ॲम्प्लिफायर सुखरूप पोचला. बाबांनी जाण्याआधी आईसाठी भरून ठेवलेली कॅसेट साध्या टेपवर ऐकूच येत नव्हती. बाबा जन्मभर हळू बोलले (दुकानदाराने दोनदा "काय?" विचारले, तर वस्तू न घेताच परत यायचे), माइकपुढेही तसेच. टाकीची तोटी, कपाटाची किल्ली, विम्याचे कागद असे सगळे सांगून ते शेवटी विचारतात, "ऐकतेस का?" मग थोडे थांबून एक वाक्य बोलतात. ते एक वाक्य आईला ऐकायचे होते. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आवाजाचे बटण सातावर नेले तर बाबांपेक्षा घरघरच मोठी झाली. साठ वॉटचा आणावा का, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दुप्पट वॉटने आवाज जेमतेम कळेल इतकाच वाढतो. दुप्पट मोठा ऐकायचा तर दहापट वॉट लागतील, आहे तयारी? बटण म्हणजे नुसती तोटी रे. तुझ्या कॅसेटमधला आवाजच बारीक आहे, तोटी पूर्ण सोड. फक्त मधेच मोठा आवाज आला, तर स्पीकर जळालाच समज."

मामा, मोठा आवाज आहेच! वाक्य संपते न संपते तोच बाबांनी टेप बंद करण्याचे बटण खाडकन दाबले आहे. त्या भीतीने मी अकरा वेळा लावून अकराही वेळा आधीच आवाज कमी केला. आई कडाडली, "ह्यांनी तोंड उघडलं की तू दाबतोस! आधी तुझी आजी बोलू देत नव्हती, आता तू."

आणखी एक. "ऐकतेस का?" नंतर बाबा किती थांबतात, ते मी घड्याळ लावून मोजले. आधी चार सेकंद होते. पण आई आतून "ऐकतेय, बोला" म्हणू लागल्यापासून सहा होतात, आणि तिला यायला उशीर झाला तर नऊ (टेपचा पट्टा सैल झाला असावा).

नऊ दिवसांपूर्वी, रविवारी दुपारी आईने मला बाजूला सारून बटण थेट दहावर नेले. मी डोळे मिटले आणि धमाक्याच्या धास्तीने दोन्ही कानांत बोटे घातली. धमाका झाला, जळका वास सुटला, टेपने कॅसेटची फीतही गिळली. बोटे काढली तेव्हा आई जळालेल्या स्पीकरला म्हणत होती, "बरं, तसंच करू."

काय करायचे ठरले, ते मला सांगत नाही. विचारले तर म्हणते, "कान होते ना तुला?" स्पीकरच्या तारा मी स्वतः काढून गुंडाळून ठेवल्या आहेत. तरी ती रोज दुपारी त्याच्यापुढे स्वेटर विणत बसते, मधेच हसते, आणि काल म्हणाली, "जरा हळू बोला, तो झोपलाय." मी जागा होतो.

मामींना नमस्कार. थोरांच्या आशीर्वादाची सध्या फार गरज असलेला,
तुमचा भाचा

ता. क. मामा, खरे काम हे : आई तुमच्यापासून काही लपवत नाही. बाबा काय बोलले ते तिला सहज विचारल्यासारखे विचारा आणि मला कळवा. ते वाक्य माझ्याबद्दल होते का, एवढे समजले तरी पुरे.

ता. क. दुसरा. आत्ताच आई आतून म्हणाली, "मामाला विचारायला लावू नकोस, हे नको म्हणतायत." पत्रात काय लिहितो आहे, ते मी तिला सांगितलेले नाही.