शेकड्यावर पाच

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या केळीच्या वाडीत आता चार मजल्यांची इमारत उभी आहे आणि तिच्या तळाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. काल मला कारखान्यातून निरोप दिला. शाल, नारळ आणि एक फोटो, ज्यात नेमके माझेच डोळे मिटलेले. भाषण करा म्हणाले. मी उभी राहिले आणि तुमच्याबद्दलच बोलत सुटले, तर पुढच्या रांगेतल्या पोरींना वाटलं मी माझ्या वडिलांबद्दल बोलतेय. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पण एक गोष्ट मी भाषणात गिळली. ती सकाळपासून घशाशी येऊन बसली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

सातिवलीतली तुमच्या कारखान्याची ती पत्र्याची शेड मला अजून वासानं ओळखता येईल. वॉर्निश, तापलेली तार आणि बायकांच्या डब्यातली सुकी मासळी. रंगीत टीव्ही घराघरांत यायला लागले होते, टीव्हीखाली स्टॅबिलायझरचा डबा आला होता आणि त्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर आपण करायचो. पाच बायका हातानं फिरवायच्या मशीनवर तांब्याची तार गुंडाळायच्या. शंभर वेढे झाले की शेजारच्या बशीत एक चिंचोका. आठशे वेढ्यांच्या गुंडाळीला आठ चिंचोके, हिशेब संपला. मी एकोणीस वर्षांची, सगळ्यांत नवी, म्हणून मला मोजायचं काम नव्हतं. मी गुंडाळीवर कागद चिकटवायची आणि हात डिंकाचे करून घरी जायची.

घरी मात्र मोजायचं काम माझंच. पाचूबंदरला आमच्या दारात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळायचे आणि सकाळची एसटी पकडायच्या आधी मी आईबरोबर ते मोजून बांधायची. शंभर झाले की वर पाच टाकायचे. ही आमच्या घरातली रीत, आजीपासूनची. गिऱ्हाईकानं घरी जाऊन मोजलं तर जास्त भरले पाहिजेत, कमी नाही. लहानपणी एकदा मी ते पाच विसरले तर आईनं मला त्या गिऱ्हाईक बाईमागे बाजारापर्यंत पळवलं होतं.

मग ते नवं मशीन आलं. मोठं खोकं उघडलं तेव्हा आपण सगळे कामं टाकून गोल उभे होतो. तुम्ही छातीवर क्रूस काढला, मी मशीनला हळदकुंकू लावलं, आणि तुमच्या वाडीतल्या ताईनं, जी आमच्यात सगळ्यांत जुनी, नारळ फोडताना पाणी सरळ बटणांवर उडवलं. तुम्ही इतक्या चपळाईनं रुमाल काढलेला मी परत कधी पाहिला नाही. आकडा लावायचा, हिरवं बटण दाबायचं, मशीन स्वतः मोजणार आणि आकड्यावर येऊन थांबणार. चिंचोक्यांची गरज संपली. मुंबईहून आलेले तुमचे भागीदार म्हणाले की आता बायकांचीही संपली. शिकलेली दोन मुलं शहरातून आणू, बायकांना महिन्याची नोटीस देऊ. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात आणि मग म्हणालात, "मशीन आणताना मला विचारलंत, तसं माणसं काढताना पण विचारा. दिवाळीपर्यंत द्या मला. ह्याच बायका चालवतील." ते म्हणाले, ठीक आहे, दिवाळीच्या आधी वीस गुंडाळ्या करून दाखवा, माझ्यासमोर मीटरला लावा. पास झाल्या तर बायका राहतील.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता सगळी कामं बंद. खोक्याच्या फळीला काळा रंग मारून तुम्ही फळा केलात, पॅकिंगच्या टेबलाभोवती आम्हाला बसवलंत आणि रोज एक तास शिकवलंत. कामाच्या वेळेत, भर पगारी. मी घरी सांगितलं तर आई बोंबील बांधायची थांबली. "शिकवतो नि वर पगार पन देतो? कोन मानूस हाय तो? नीट बघ गो, कशावरतरी सही घेईल." मशीनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. ताई म्हणाली, मास्तर, मराठीत चिठ्ठ्या चिकटवा ना. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी सुटून पडेल. डोक्यात गेलेलं अक्षर पडणार नाही." आणि आम्हाला एबीसीडीपासून बसवलंत. बरोबर उत्तराला तुमच्या घरचं एक सुकेळं मिळायचं, पिवळ्याजर्द, चिकट, मधासारख्या वाळवलेल्या केळ्याचं, पानात गुंडाळलेलं. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा तुम्ही तिला सबंध पुडकं दिलंत. ती लाजून इतकी हसली की तिची कवळी निसटली.

मला तुम्ही एकदाच रागावलात. तारेची जाडी समजावत होतात, मला कळत नव्हतं आणि मी हो हो करत होते. खडू टेबलावर आपटून म्हणालात, "मान डोलवायला माझ्या घरी बैल आहे. कळलं नाही तर हात वर कर. शंभर वेळा विचार, मी शंभर वेळा सांगेन." मी रडले आणि मग खरंच हात वर करायला शिकले. म्हणजे बरेचदा. बटणांवर माझा हात सगळ्यांत चटकन बसला, म्हणून परीक्षेच्या दिवशी मशीनवर तुम्ही मला बसवलंत.

तो दिवस मला आत्ता समोर दिसतो. भागीदार खुर्चीवर, पाय पायावर. तुम्ही मीटरजवळ. मागे पाच बायका पदराचं टोक चावत उभ्या, कारण माझ्या हातावर सगळ्यांची नोकरी आहे. मी आकडा लावते, हिरवं बटण दाबते, मशीन गरगरतं आणि थांबतं. वीस गुंडाळ्या, एकही तार तुटली नाही. माझा ऊर भरून आलाय. मग तुम्ही पहिली मीटरला लावता आणि काटा खुणेच्या पुढे जातो. दुसरी, पुढे. पाचवी, पुढे. भागीदार उठतात. "मी काय सांगत होतो?" मागे कुणीतरी हुंदका देतं.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. विसाव्या गुंडाळीपर्यंत प्रत्येक लावलीत आणि काटा पाहून तुमचा चेहरा उजळत गेला. "बघा," तुम्ही भागीदारांना म्हणालात, "वीसच्या वीस एकाच जागी चुकल्यात. हात चुकला असता तर काटा नाचला असता." मग माझ्याकडे वळलात. "पोरी, आकडा किती लावलास?" मी म्हटलं, आठशे चाळीस. "मी किती सांगितला होता?" आठशे. "मग वरचे चाळीस कुणासाठी?" मी खाली बघून सांगितलं की शेकड्यावर पाच, मास्तर, नव्या मशीनवरचं पहिलं काम, गिऱ्हाईकाला कमी पडायला नको.

मग तुम्ही पोट धरून हसलात, डोळे पुसत हसलात, आणि हसता हसता भागीदारांना म्हणालात, "हिला मशीन येतं. आठशेच का ते मी शिकवलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही." तिथंच फळ्याजवळ एक बल्ब आणून माझी गुंडाळी जोडलीत, मग आणखी वेढे वाढवून दुसरी जोडलीत. बल्ब भगभगून पांढरा झाला आणि फट्‌कन गेला. "हे बोंबील नाहीत. प्रत्येक वेढा वीज ढकलतो. गिऱ्हाईकाला पाच जास्त दिलेस तर त्याचा टीव्ही जाईल." मला त्या क्षणी जे कळलं ते मी आजतागायत विसरले नाही. भागीदार घड्याळाकडे बघत होते, तरी तुम्ही मला परत बसवलंत. मी आठशे लावले. चार गुंडाळ्या केल्या. चारही वेळा काटा खुणेवर येऊन गप्प उभा राहिला. ताईनं मला अशी मिठी मारली की माझी बांगडी फुटली, आणि भागीदारांनीसुद्धा नको नको म्हणत तीन सुकेळी खाल्ली.

आईनं त्या आठवड्यात तुम्हाला बोंबलांची जुडी पाठवली. तुम्ही ती मोजलीत आणि मला विचारलंत, "एकशे पाच आहेत, पाच परत नेतेस का?" आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मोजनारा मानूस हाय. मंग चांगला हाय." तीनचा तास त्यानंतर बंद झाला नाही. प्रत्येक नव्या मशीनला तोच फळा, तोच बल्ब. तुमच्या मातीला मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते, प्रार्थना येत नव्हत्या, तर मनात एबीसीडी म्हणत होते. पुढे तो तास मी घ्यायला लागले. आता आकडा पडद्यावर बोट लावून भरतात, पण बल्ब मी अजून फोडते. काल निरोपाला पोरींनी तेच नक्कल करून दाखवलं, माझ्यासारखा पदर खोचून, आणि मी हसून हसून खुर्चीवर बसले.

आता ती गिळलेली गोष्ट. मास्तर, आठशेच का ते तुम्ही शिकवलं होतंत. परीक्षेच्या आठ दिवस आधी, त्याच फळ्यावर, बल्बचं चित्र काढून. सगळ्यांना एकेक करून विचारलंत, कळलं का. माझं लक्ष बशीत उरलेल्या शेवटच्या सुकेळ्याकडे होतं. मी मान डोलावली, कळलं म्हटलं आणि ते उचललं. मग त्या दिवशी भागीदारांसमोर तुम्ही चूक आपल्या अंगावर घेतलीत आणि मी गप्प उभी राहिले. तुम्हाला तेव्हाही आठवत असणारच. तुम्ही कुठलाच तास विसरायचा नाहीत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मी जपून ठेवलेल्या जुन्या चिंचोक्यांच्या डब्यात ठेवते. सुकेळं फार गोड होतं, मास्तर. पण ते माझं नव्हतं.