सूरपाटी रिकामी आहे

प्रिय गंगे,

जय भीम. पत्र पाहून हसशील, की या आनंदीला काय झालं, मोबाईलच्या जमान्यात पोस्टाची पेटी शोधत फिरते. मग काय करू व? फोन लावला की तुझा रत्नदीप उचलतो, तुझ्या कानाला लावतो, आणि तू नुसतं 'हं' म्हणून परत त्याच्या हातात देतेस. तुझ्या त्या 'हं'शी भांडून माझा जीव दमला. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. चष्मा घाल आणि स्वतः वाच, पोराला वाचायला लावू नकोस. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझी भाषा सरकारी झाली आहे, तेवढी सांभाळून घे.

पिपरी मेघेला तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून काय दिसतं ते मला ठाऊक नाही. इथे पळस फुललाय. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून ठेवल्या, शेतं मोकळी झाली. संध्याकाळी विहारामागच्या मैदानावर ऊन तिरपं येतं आणि जरा वेळ सगळी माती पिवळी होते. तशा वेळी मला घरात बसवत नाही. चुलीवर भाजी असली तरी पाय तिकडे निघतात. बगळे परतत असतात, कोणाच्या तरी घरी भाकरी थापल्याचा आवाज येतो, आणि मी अर्धी जागी अर्धी झोपेत असल्यासारखी कडुलिंबाखाली उभी राहते. तर सांगायचं हे, की आम्ही परत खेळायला लागलो आहोत. तू रागावणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिताना हात थांबला.

आता मोठी बातमी ऐक. आपलं मैदान राहतं की जातं, याचा निकाल लागायचा आहे. ग्रामपंचायतीला तिथे शेड बांधायची आहे. त्यांचंही चूक नाही, गावात जागा कुठे आहे! सरपंचबाई स्पष्ट बोलल्या, तुमच्या खेळाला सरकारी अनुदान मंजूर झालं तर जागा खेळाचीच राहील, नाही तर पावसाळ्याआधी पाया खोदू. जुन्या, मातीतल्या खेळांना मदत देणारी एक योजना निघाली आहे, ती माझ्या सुनेनं, प्रेरणानं, शोधून काढली. रोहण्याला खेटे घालून अर्ज भरला बिचारीनं. त्यात लिहिलेलं, खेळाची माहिती द्या. ती मला विचारते, आई, आट्यापाट्या म्हणजे नेमकं काय लिहू? काय सांगणार? आठ आडव्या पाट्या, त्यांना मधोमध कापत जाणारी एक लांब उभी सूरपाटी, प्रत्येक पाटीवर एक बाई. समोरून पोरी हुलकावण्या देत येणार, त्यांना शिवून बाद करायचं. झालं. आपली इतकी वर्षं दोन ओळीत संपली. पुढे होतं, खेळत असल्याचा पुरावा जोडा. हातच्या कांकणाला आरसा कशाला! माझे गुडघे जोडले असते तरी मंजुरी आली असती.

तुला आठवतं, सुरुवात कशी झाली? भीमजयंतीला पोरांसाठी कबड्डी, व्हॉलीबॉल, आणि बायकांसाठी लिंबू-चमचा. तू चमचा खाली ठेवलास आणि माईकजवळ जाऊन म्हणालीस, "लिंबू तं रोजच सांभाळतो भाऊ, आमाले पयाले पायजे." बायकांना पळायला हवं, हे ऐकून अख्खा मंडप हसला होता. दुसऱ्या दिवशी आपण नऊ जणी पदर खोचून मैदानात. लहानपणी खेळलेलं सगळं पायांना आठवत होतं, फक्त पोटं मधे येत होती. पारावरचे म्हणाले, म्हाताऱ्या धिंगाना करून राह्यल्या. एकच माणूस हसला नाही. घरून पितळेचा गडवा भरून आणला आणि पाट्या आखायला लागला.

नागसेनभाऊंचं ते आखणं मी अजून डोळे मिटून पाहते. कोणी चुन्याची फक्की टाका म्हटलं तर म्हणायचे, "फक्की डोळ्यात जाते बायांच्या." उलट्या पावलांनी चालायचे, गडवा कमरेशी तिरपा, पाण्याची धार बारीक. मागे वळून बघणं नाही. तरी रेघ सरळ. कोरडी माती पाणी प्यायची, काळी पट्टी उमटायची, तिचा वास यायचा. सूरपाटी सगळ्यात शेवटी ओढायचे, अगदी सावकाश, आणि ती बरोबर तुझ्या पायाशी येऊन थांबायची. मग तुझ्याकडे न बघता म्हणायचे, "झालं." बस, तेवढंच. आणि जाऊन लिंबाखाली बसायचे. रेघा वाळल्या की आपण थांबायचो, ते उठून परत ओढायचे. अंधार पडेपर्यंत त्यांच्या किती फेऱ्या व्हायच्या, कोणी मोजल्या नाहीत. धुरपता तुला चिडवायची, की तुह्या नवऱ्यानं एवढं पानी वावरात देल्लं असतं तं दोन पिकं निंगाली असती. तू लाजायचीस. पन्नाशीची बाई आणि लाजायचीस, मला तर हेवा वाटायचा, खरं सांगते. माझ्याकडे कोणी असं पाण्याची रेघ घेऊन आलं नाही.

ते गेले तेव्हापासून तू बोलली नाहीस. रडलीही नाहीस. रत्नदीप घेऊन गेला तेव्हा एका पिशवीत दोन लुगडी आणि तो गडवा, एवढंच घेऊन गाडीत बसलीस. मागे वळून बघितलं नाहीस, त्यांच्यासारखीच. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. आम्हीही मैदानाकडे जाणं सोडलं. पाऊस येऊन गेला, गवत वाढलं, शेळ्या चरल्या.

मग एक दिवस धुरपताच दारात आली, विळा घेऊन. "चाल व, गवत कापू." आठ जणी जमलो. आता पाणी मी टाकते, प्लास्टिकच्या जगनं. माझ्या रेघा पाहशील तर पोट धरून हसशील, साप गेल्यासारख्या. मी म्हणते जमीन उंचसखल आहे, धुरपता म्हणते नाचता येईना अंगण वाकडं. आणि सूरपाटीही ओढते मी, शेवटी, सावकाश. तिच्यावर कोणी उभं राहत नाही. ठरवलेलं नाही, पण होत नाही. एकदा प्रेरणा सहज जाऊन उभी राहिली, तर धुरपतानं असं पाहिलं की पोरगी आपोआप बाजूला झाली. गंमत अशी, की समोरून पळत येणाऱ्या पोरीही त्या रेघेपाशी आल्या की थबकतात. तिथे शिवायला कोणी नाही, तरी हुलकावणी देऊनच पार होतात. ती रेघ लिंबाच्या सावलीतून जाते म्हणून सगळ्यात उशिरा वाळते. बाकीच्या पाट्या पुसल्या जातात, उजेड जातो, आणि ती एकटी ओली पडून असते. कधीकधी मला वाटतं तिच्यावरून कोणीतरी आत्ताच पळत गेलं. पैंजणाचा नाही, तुझ्या त्या तुटक्या चपलेचा आवाज येतो. वय झालं माझं, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. तरुण आहे, नम्र आहे, पण आला भर दुपारी. उघडं मैदान पाहून म्हणाला, "बाई, मैदान कुठे आहे?" मी म्हटलं, हेच. "रेषा कुठे आहेत?" मी म्हटलं, थांबा, पाणी आणते. तो बघतच राहिला! आम्ही आठ जणी कळशा घेऊन धावलो. पहिल्या पाटीपासून आठवीपर्यंत गेलो तोवर पहिली वाळली. तो फोटो काढायला मोबाईल वर करी, इकडे रेघ गायब. फोटोत नुसत्या आठ घामाघूम बाया आणि माती. शेवटी तोही हसायला लागला. म्हणाला, मंजुरी मिळाली तर पहिलं काम पक्क्या रेषांचं करू, सिमेंटच्या कडा बसवून पांढरा रंग देऊ, कधी पुसायच्या नाहीत. सगळ्याजणी हो हो म्हणाल्या. मीही म्हणाले. आणि कळशीत उरलेल्या पाण्यानं शेवटची सूरपाटी ओढून टाकली.

मग त्यानं संघ मोजला. सूरपाटीवरून अजून वाफ निघत होती. तिकडे बोट करून विचारलं, "इथे कोण उभं राहतं? ही जागा रिकामी कशी?" मी म्हणणार होते की प्रेरणा आहे, नववी. तेवढ्यात धुरपता! उचलली जीभ लावली टाळ्याला. "रिकामी नाई साहेब, ते बाई येऊन राह्यली. रस्त्यानं हाये." साहेबानं घड्याळ पाहिलं, म्हणाला, "मग पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी येतो, पूर्ण संघाचा खेळ पाहूनच शिफारस करेन." तो गेल्यावर मी तिच्यावर अशी बरसले! तर ती मातीत बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. धुरपता, गंगे! जिला आपण सासू मेली तेव्हाही रडताना पाहिलं नाही. तिच्यापाठोपाठ आम्ही सगळ्या. भर उन्हात.

आता खरं सांगते. अनुदानासाठी तुला बोलावत नाही. नववी म्हणून प्रेरणा नियमात बसते, धुरपताचं खोटं मी साहेबाजवळ निस्तरून घेईन, मैदान वाचायचं तर वाचेल. पण वाचलं की त्या रेघा पक्क्या होतील गंगे, सिमेंटच्या. मग कोणाला पाणी घेऊन उलटं चालावं लागणार नाही. नागसेनभाऊंची रेघ पाण्यानंच ओढायची असते, आणि तशी ओढायला त्या रविवारची एकच संध्याकाळ उरली आहे. माझ्या वाकड्या हातानं ती शेवटची रेघ मी ओढणार नाही. तू इतकी वर्षं तिच्या टोकाशी उभी राहून त्यांचा हात पाहिलास, तो तुलाच ठाऊक. खेळू नकोस, बोलू नकोस, मला 'हं' सुद्धा म्हणू नकोस. आर्वीच्या गाडीत बस, फाट्यावर मी उभी आहे. दुसरं काही आणू नकोस, फक्त तो गडवा आणजो. भरून मी देईन. तू उलट्या पावलांनी ये, मागे पाहू नकोस. रेघेच्या टोकाशी मी आहे, तुझी पाठ मला लागली की मीच म्हणेन, झालं.

तुझीच, पाटीच्या टोकाशी थांबलेली,
आनंदी