अकरा लढतींचा माणूस

प्रिय डावऱ्या,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर त्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण कागद पुढे ओढला की मला काहीतरी काम आठवायचं. आज रविवार आहे, वजनकाटा बंद, एकही ट्रक यायचा नाही, आणि बायको तिच्या बहिणीकडे गेलीय. आता सबब उरली नाही.

आधी सलूनमधलं सांगतो. माझ्या मेव्हण्याचं सलून तुझ्या ओळखीचं आहे, तीन खुर्च्या आणि भिंतीलगत एक बाक. तिथे अजून तोच वाद चालतो, आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. म्हातारे सगळे ‘लोहारा’चे. पंधरा-पंधरा फेऱ्या लढायचा, ग्लोव्ह्ज पातळ, अंगठा मोडला तरी कोपऱ्यात कुणाला कळू दिलं नाही वगैरे. आपल्या वयाची माणसं ‘सावली’च्या बाजूची, कारण दहा वर्षं त्याला कुणी धड ठोसा लावू शकलं नाही. आणि पोरं हल्लीच्या जगज्जेत्यासाठी भांडतात, मोबाइलवर आकडे काढून समोर धरतात. पोस्टमन म्हणतो, लोहाराला तुमच्यासारखी दूध-अंडी मिळाली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. पोरं म्हणतात, काका, तेव्हा बचाव येत होता कुणाला, आजच्या रिंगमध्ये तो दोन फेऱ्यांत आडवा झाला असता. मग सगळे माझ्याकडे बघतात. सहा वर्षं अजिंक्यपद माझ्याकडे होतं, माझा फोटो आरशाच्या वर आहे. मी घसा साफ करून सांगतो की काळ वेगळा, वजनं वेगळी, नियम वेगळे, तेव्हा नुसतं जिंकणं मोजू नका, समोर कोण उभं होतं ते बघा. माना डोलतात. तुझ्यापासून काय लपवू, एखाद्या दिवशी कुणीतरी माझंही नाव घेईल म्हणून मी त्या बाकावर बसतो.

गेल्या महिन्यात आपले जिमचे मास्तर सलूनमध्ये आले होते. चौऱ्याऐंशी झाले त्यांना, सून हाताला धरून आणते. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण जुनी एकेक फेरी बोटांवर आहे. मी शेजारच्या खुर्चीत, दोघांच्याही तोंडाला साबण. पोस्टमननं विचारलं, “मास्तर, तुम्ही लोहाराला पाहिलंय, सावलीलाही पाहिलंय. एकदा मिटवून टाका.” मास्तर म्हणाले, “लोहार मोठाच. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेला सगळ्यात मोठा म्हणजे माझा डावरा.” पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कोण डावरा? “अकराच लढती खेळला,” मास्तर म्हणाले, “बारावी खेळला असता, तर तुम्हाला हा वाद घालावा लागला नसता.”

मेव्हण्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. मी म्हणालो, अकरा लढतींवर कुणी मोठं होत नाही, मास्तर. माझा आवाज चढला होता. त्यांनी आरशातून मला निरखलं आणि म्हणाले, “तू ठोकळ्या ना? तूही चांगला होतास. मेहनती होतास.” मी टॉवेलनं साबण पुसला आणि अर्धी दाढी तशीच घेऊन घरी आलो. बायकोनं विचारलं, भांडून आलात का? मी म्हटलं, मास्तरांची बुद्धी चळलीय.

मेहनती. पहाटे पाचला धावायला मी जायचो. दोरीवरच्या उड्या मी मोजून मारायचो. तू घड्याळाच्या दुकानातून उशिरा यायचास, डबा कोपऱ्यात ठेवायचास, हाताला पट्ट्या गुंडाळायचास आणि दहा मिनिटांत सगळी जिम आपापलं काम टाकून तुझ्याभोवती उभी राहायची. तुझा तो डावा हात कुठून निघायचा ते मला कधी दिसलं नाही, लागल्यावरच कळायचं. मी तुझ्यासारखा पाय टाकायला गेलो, तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ठोकळ्या, तू उभाच राहा, तुला तेच शोभतं. सगळे हसले. तूही हसलास, मग माझ्या खांद्यावर हात टाकलास. त्या हाताचा मला हसण्याहून जास्त राग आला. माझी आई दार उघडताना आधी माझ्या मागे बघायची, तो नाही आला का? लग्न ठरल्यावर बायको पहिल्यांदा माझी लढत बघायला आली, आणि परत जाताना तिनं विचारलं, तुमच्या आधी खेळला तो कोण? चाळीस वर्षं संसार झाला, तरी तो प्रश्न मी विसरलेलो नाही.

मग तुझा डोळा. दहाव्या लढतीनंतर कपडे बदलताना तू मला सांगितलंस की उजव्या बाजूनं काळा पडदा सरकत येतोय. मास्तरांना बोलू नकोस म्हणून शपथ घातलीस. आपल्या दोघांचं वजन एकच, निवड चाचणीला जिममधून एकच जण जाणार, आणि तो तू, हे ठरल्यात जमा होतं. तू तशीच अकरावी लढतही जिंकलीस. चाचणीच्या चार दिवस आधी जिमच्या डॉक्टरांनी तुला तपासायला घेतलं, तिथून इस्पितळात नेलं आणि तुझ्या जागी मी गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी असताना तू चाचपडत माझा हात धरलास. म्हणालास, डॉक्टरांनी सांगितलं मला, तू त्यांना सांगितलंस म्हणून डोळ्याच्या आतला पडदा वाचला, आणखी एक मार बसला असता तर उजवा डोळा गेलाच होता.

ती गोष्ट तू जन्मभर सगळ्यांना सांगत आलास. त्याच डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतोस, त्यावर घर उभं केलंस. माझ्या मुलीच्या लग्नात वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, यांना दिसतंय ते भावजींमुळे. मी नको नको म्हणत राहिलो आणि लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस. चाळीस वर्षं मी ते कौतुक घेत आलो.

आणि आता तुझं पत्र. तू लिहितोस, माझी मुलगी सतरा वर्षांची झाली, बॉक्सिंग शिकायला तुझ्याकडे पाठवतो, ज्यानं माझा डोळा राखला त्याच्याच हाती तिला द्यायचीय. ते वाचून मी तुला न कळवता तिची लढत बघायला गेलो. मागच्या रांगेत खांबाआड बसलो. दुसऱ्या फेरीत तिनं डावा हात टाकला, आणि तो कुठून निघाला ते मला दिसलं नाही. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच राहिलो. साठी उलटलेला माणूस मी, आणि मला एका पोरीचा हेवा वाटत होता.

म्हणून हे लिहितोय. डोळ्याचं तू मला सांगितलंस, त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो असं तू धरून चाललायस. मी गेलो तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे आपण रोज सरावाला समोरासमोर उभे राहायचो, आणि मी ठरवून तुझ्या उजव्या बाजूनं मारायचो, जिथून तुला दिसत नव्हतं. तुला वाटायचं, माझा हात सुधारलाय. तू कौतुकही केलंस. तुला दिसत नसतानाही मी तुला एकदाही हरवू शकलो नाही. ते कळलं त्या दिवशी मी डॉक्टरांची पायरी चढलो. मला चाचणीतली तुझी जागा हवी होती, तुझा डोळा माझ्या मनातही नव्हता. तो वाचला हे तुझं नशीब. मास्तरांची बुद्धी शाबूत आहे, सलूनमध्ये आणि घरी मी खोटं बोललो. आता हे वहिनींना आणि पोरीलाही वाचून दाखव. त्यानंतर तिला दुसरीकडे पाठवलंस तर मी एका शब्दानं विचारणार नाही. आणि एवढं कळूनही तिला माझ्याकडेच शिकायचं असेल, तर मला येतं ते सगळं मी शिकवीन, पण रोज तिच्याबरोबर तू ये आणि रिंगच्या कडेला बस. मला एकट्याला तिच्यासमोर उभं करू नकोस.

तुझाच, इतकी वर्षं तू ज्याला मित्र म्हटलंस तो,
ठोकळ्या