खोक्यात आज कोण आलं

८ जाने., गुरुवार

तळेगावच्या डॉ.नं सांगितलं, हे काय काय विसरतात ते रोज लिहून ठेवा. म्हटलं, साहेब, चौथी शिकले मी, माझं अक्षर तुमाला वाचता यायचं न्हाई. तर म्हणतो, मावशी, माझं तरी कुणाला वाचता येतं? माणूस बरा आहे. म्हणून नातीची ही अर्धी उरलेली वही घेतली.

आज विसरले: आंघोळ झाली का ते. चष्मा कुटंय ते (डोळ्यावर होता). थोरले भाऊ वारले ते. त्यांना हुरड्याला बोलवू म्हणाले.

विसरले न्हाईत: खोकं.

१० जाने., शनिवार

खोक्याचं लिहून ठेवते, न्हाईतर पुढं मीच विसरायची.

हे टेलिफोनात होते, सगळी नोकरी वायरी जोडण्यात गेली. रिटायर झाल्यावर मोहननं, आमच्या थोरल्यानं, त्याचा जुना काँप्युटर आणून दिला. त्यात ह्यांनी घरातले सगळे फोटू भरले. लग्नाच्या शूटिंगा, बारशी, सासूबाईंची जात्यावरची गाणी, सगळं. पोरांनी आपापल्या फोनवरून उघडायचं, बघायचं, नवं टाकायचं. मोहन तवाच म्हणालता, आप्पा, ह्यासाठी कंपन्या जागा देतात. तर ह्यांचं उत्तर, "आपलं भात आपल्या कणगीत. दुसऱ्याच्या घरात ठिवून रोज मागायला जायचं का?"

म्हणून ते खोकं माजघरात कणगीशेजारीच ठेवलंय. दिवसरात घुर्र करतं. लाईट गेली की हे ताटावरून उठून त्याच्याकडं. मला ताप आला तर म्हणायचे, गोळी घे.

त्याचा पडदा सोप्यात. सकाळी चहा घेऊन तितं बसायचं. काल खोक्यात कोण कोण आलतं त्यांची नावं येतात, मराठीत, ह्यांनीच तसं बसवलंय. मोठ्यानं वाचायचे. मोहन. वैशाली. सुरेखा. मास्तरनं हजेरी घ्यावी तसं.

दसऱ्यापासून पडदा कोरा. चहा निवून जातो. "आज पण कुणी न्हाई." एवढं बोलून उठतात.

११ जाने., रविवार

मोहनला फोन लावला. वाकडला असतो. म्हणाला, "आई, आम्ही सगळं दुसरीकडे हलवलं गं. आप्पांचं उघडतच नव्हतं. त्यांना सांगू नकोस हां." सुरेखा नाशिकला, लेक माझी, तिचंही तेच. मोहनच्या बायकोनं, वैशालीनं, फोन घेतला. "आई, तब्येत जपा." जपते.

ह्यांना काय सांगू? जेवण कमी झालंय. आज भाकरी कुत्र्याला घातली आणि जेवलो म्हणाले.

१३ जाने., मंगळवार

पोरांचं जुनं झालं की हितं येतं. कुकर, स्वेटर, सोफा, फोन. घर न्हाई, भंगारवाला.

आज डब्यात मोहन, वैशाली, सुरेखा, तिघांचे जुने फोन सापडले. चार्जिंगला लावले. कुलपं काढूनच दिलती. मोहनच्या फोनात ह्यांच्या खोक्याचं चित्र अजून तसंच. दाबलं. मोहनच्या पोरीचं, ओवीचं, बारसं उघडलं. पाळण्याला मीच बांधलेला गोंडा. पुढचं बघणार तर डाळ लागल्याचा वास.

१४ जाने., संक्रांत

सकाळी सोप्यातून आरडले. मला वाटलं पडले.

"मोहन आलता! ओवीचं बारसं बघून गेलाय!"

चहा दोनदा घेतला. तिळगूळ स्वतः होऊन मला दिला. लग्नानंतर पहिल्यांदा.

मग मी वैशालीचा आणि सुरेखाचा फोन पण उघडला. एकानं पोट भरत असेल तर बाकीच्यांनी काय पाप केलंय.

१९ जाने., सोमवार

आता नेमच झालाय. हे आंघोळीला गेले की मी तिघांच्या फोनावरून एकेक फोटू उघडते. सुरेखाच्या फोनावरून तिचं लग्न. वैशालीच्या फोनावरून तिचं माहेर, तिला दुसरं काय लागतं. मोहनच्या फोनावरून भातलावणी. त्या फोटूत हे चिखलात गुडघाभर, दात काढून हसतात. काळे केस.

शेजारची हौसा दारात आली, बघते तर माझ्या मांडीवर तीन फोन. "म्हातारपणी तीन तीन? कुणाशी बोलायचं असतं गं?"

"यमाशी. तुझा नंबर लावत होते, उचलत न्हाई."

विसरले: काही न्हाई. डॉ.ला दाखवायला पायजे. काही न्हाई.

२३ जाने., शुक्रवार

जेवतात. ब्रशनं खोक्याची धूळ काढतात, त्याच्याशी बोलतात. देवळात सांगून आले, पोरं रोज येतात म्हणून. देवळातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या असतील. त्यांची पण पोरं वाकडलाच.

सुरेखाचा फोन. "आई, आप्पा म्हणाले, रोज येतेस, बरं वाटतं. अगं मी कुठे येते?"

म्हटलं, त्यांना ऐकू कमी येतं. तुला पण येतं का?

मग ती रडली. मी ठेवला. रडायचं असलं तर एसटीत बसून ये, हितं रड.

२७ जाने., मंगळवार

वाईट झालं.

सकाळी चहाचा तिसरा कप मागितला. म्हटलं कुणाला? "वैशालीला. उठली न्हाई अजून." कप घेऊन आतल्या खोलीत गेले. मग न्हाणीत. मग शिडी लावून माळ्यावर चढायला लागले, मोहनला हाका मारत. ओढून खाली आणलं. माझ्यावरच चिडले. "पोरं घरात हायेत आन तू एकटीचं जेवण करतेस?"

म्हटलं, कोण सांगतं घरात आहेत?

हात धरून पडद्यापुढं नेलं. नावावर बोट ठेवलं. मोहन. त्याच्यापुढं बारीक अक्षरात, घरातून. वैशाली, घरातून. सुरेखा, घरातून.

ते अक्षर मी रोज बघत होते. मला वाटायचं घरचीच माणसं म्हणून तसं लिहिलंय. आज ह्यांनी सांगितलं तवा कळलं, पोरांनी लांबून उघडलं की तितं बाहेरून असं येतं, आणि ह्या घरात बसून उघडलं की घरातून. हे ह्यांनीच बसवलेलं. बाकी सगळं विसरले आणि हे एवढं...

फोन घरात, म्हणून पोरं घरात. ह्यांचं चुकलंय कुटं?

२८ जाने., बुधवार

तिन्ही फोन बंद करून डब्यात टाकले.

३० जाने., शुक्रवार

पडदा कोरा. आज म्हणाले, "गेली का? सगळी एकदमच? तू काय बोललीस त्यांना?"

म्हटलं, मी कशाला बोलू.

"तुझ्या तोंडानं गेली पोरं. मागं पण तशीच गेली."

हे शुद्धीत बोलले का बेशुद्धीत, डॉ.ला विचारायला पायजे. वैशालीला मी लय बोललेय, न्हाई म्हणत न्हाई. पण तीच काय...

असो. भांडी घासली.

३१ जाने., शनिवार

भाजी निवडेस्तोवर घरात न्हाईत. विहिरीवर बघितलं. हौसाला उठवलं, ती तिकडं, मी हिकडं. बेडशाच्या फाट्यावर सापडले. पायात चप्पल न्हाई. येणाऱ्या जाणाऱ्या गाडीला हात करून विचारत होते, मोहनला बघितलं का. एका दूधवाल्यानं थांबवून धरलं होतं, त्यानंच गाडीवर आणून सोडलं. "आजी, बाबांना सांभाळा, रस्त्याला लय गाड्या." त्याला च्या दिला. अर्धा बशीतच सांडला.

टाचेला काच. काढली. ओरडले न्हाईत.

१ फेब्रु., रविवार

फोन परत उघडले. काय करू. नावं दिसली तर घरभर शोधतात, न्हाई दिसली तर रस्त्यावर शोधतात. घरात गाड्या तरी न्हाईत. शिडी हौसाच्या घरी नेऊन ठेवली.

दुपारी सगळ्यांची ताटं मांडायला लावली. मांडली. वाढली पण. मग म्हणाले, थांबू, येतील. भात निवला. मी जेवून घेतलं, मला गोळ्या असतात. हे बसून.

५ फेब्रु., गुरुवार

मोहनला सगळं सांगितलं. फोनांचं, माळ्याचं, फाट्याचं. मग म्हणाला, "आई, ते खोकंच बंद करून टाक."

म्हटलं, खोक्यानं विसरायला न्हाई लावलं त्यांना. तू तिकडून उघड एकदा. बाहेरून असं आलं की कळेल तरी, पोरं बाहेर हायेत, नीट हायेत, आठवण काढतात.

"येता येत नाही ना तिकडून. दसऱ्यापासून. आप्पांनीच काहीतरी बदललं, आणि बाहेरून कुणाचंच उघडेना. मी दोनदा फोनवर सांगायचा प्रयत्न केला. माझ्यावर ओरडले, म्हणाले मला शिकवू नको. मग आम्ही..."

म्हणजे दार ह्यांनीच लावलं. आणि कोण येत न्हाई म्हणून रोज सकाळी दारापुढं बसून राहिले.

मी उगाच चार महिने पोरांना शिव्या घातल्या. दिल्या त्या दिल्या, परत घेत न्हाई. मला तरी फोन करून सांगायचं होतं.

८ फेब्रु., रविवार

मोहन आला. एकटा. गाडी लावून अंगणातच उभा, तोंड उतरलेलं. वर्ष झालं त्याला येऊन, बाप काय बोलेल म्हणून तयारी करून आला असावा.

हे ओट्यावर. बघितलं आणि म्हणाले, "कुटं गेलतास रे? दूध आणायला एवढा येळ?"

पोरगं हातात काहीच न्हाई म्हणून इकडं तिकडं बघायला लागलं. "मिळालं नाही, आप्पा."

"मग बस. चहा कोरा घेऊ."

हा मागच्या दाराला गेला आणि गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून उभा राहिला. मी गेले न्हाई. मी गेले असते तर त्याला आवरावं लागलं असतं.

दुपारभर खोक्यापाशी बसला. हे मागं उभे. "हळू. त्याला हात लावू नगंस. व्हय, ते काढ." काही बरोबर सांगत होते, काही भलतंच. मोहन सगळ्याला हो म्हणत होता. लहानपणी एकदा तरी म्हणायला पायजे होतं.

जाताना म्हणाला, "उघडलं आई. आता मी रोज तिथून येईन. खरं."

"येतो आप्पा."

"जेवायच्या आत ये."

१० फेब्रु., मंगळवार

काल मी फोन उघडले न्हाईत. पडद्यावर एकच नाव. मोहन, बाहेरून.

ह्यांनी वाचलं. परत वाचलं. मला हाक मारली. "हा बाहेर कवा गेला? रात्री तर आत झोपलाता."

म्हटलं, त्याचं घर आहे ना वाकडला. बायको आहे, पोरगी आहे. खुशाल आहे तो.

तोंड बघायला नको होतं. हे सगळं त्यांना आत्ताच कळलं, आणि एकदमच. मोठा झाला, लग्न झालं, गेला. चहा घेतला न्हाई. ओट्यावर बसून फाटकाकडं बघत राहिले. मी गोधडी टाकली अंगावर, उन्हातच.

खरं सांगितलं तर असं होतं.

१२ फेब्रु., गुरुवार

कालचं विसरले. आज परत वाचलं, बाहेरून. परत तसंच. मेलेल्या माणसाची बातमी रोज नव्यानं द्यावी तसं चाललंय.

मोहनला सांगितलं, नको येऊस बाबा. तू येतोस ते चांगलंय, पण नको येऊस.

"आई, तूच म्हणालीस ये म्हणून!"

म्हटलं, म्हणाले होते. आता न्हाई म्हणते. तू लहान होतास तवा मी शंभरदा बोलणं फिरवायची, तवा न्हाई विचारलंस.

हसला.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

रताळी उकडली. उपास आहे ते ह्यांच्या लक्षात होतं. मला वाटलं, काही उरलंय अजून.

फोन परत मीच उघडते आता. तिघांचे. घरातून. शोधणं थोडं कमी झालंय, आता आतल्या खोलीच्या दाराशी थांबतात, कान लावतात, झोपलीत म्हणतात, आणि पाय न वाजवता परत येतात. मला पण खुणावतात, भांडी वाजवू नको.

माझ्या घरात मी चोरासारखी भांडी लावते.

१९ फेब्रु., गुरुवार

मोहन म्हणतो, आता बाहेरची वाट चालू आहे तर तो तिथून बसल्या बसल्या खोकं बंद करू शकतो. फोटू सगळे त्यानं उतरवून घेतलेत. "तुला हातही लावायला नको आई. आप्पांना वाटेल बिघडलं. चार दिवस त्रास होईल, मग विसरतील."

विसरतील. त्याचंच तर औषध चालू आहे.

म्हटलं, आज नको. त्यांचा चहा व्हायचाय.

२१ फेब्रु., शनिवार

काल पण चहाच सांगितला. आज सकाळी सकाळी परत फोन. "आई, काय करू? करू का बंद?" चिडून न्हाई विचारलं, हळूच विचारलं. त्याला पण ते बटण दाबायचं न्हाई. माझ्याकडून हो पायजे.

मी चुलीपाशी. हे पडद्यापुढं, नावं वाचत होते. मोहनचं वाचून झालं, वैशालीचं चाललं होतं.

"कुणाचा फोन?"

तोंडातून निघून गेलं, मोहनचा.

"घरातल्या घरात फोन कशाला करतो?" म्हणाले. "आन तू तरी काय. हाक मार की त्याला."

फोन चालूच होता. मोहन ऐकत होता.

मी फोन पदराखाली धरला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. मोठ्यानं. चहा निवतोय म्हणून.